मांजलपूरची मंडळी

पहिल्या रविवारी मंडळी म्हणजे
अक्षरशः आमची मंडळी.
शलोमी, पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स,
तिच्यामागे दहा रिकाम्या खुर्च्या
मीच मोजून टेम्पोतून आणलेल्या.
"बंधुभगिनींनो," म्हणालो,
आणि ती हसू दाबायला खोकली.

खोली रसिकलालची.
नवरात्रात तो चणियाचोळ्या भाड्यानं देतो,
एरवी वर्षभर ते सगळे घागरे
भिंतीलगत नळ्यांवर टांगलेले, आरशांसकट.
साडेआठला खिडकीतून ऊन आलं
की उपदेशावर, छतावर, माझ्या कपाळावर
उजेडाचे शंभर कवडसे हलू लागतात
आणि मी मुद्दा विसरतो.

मंडळी म्हटल्यावर त्याला वाटली दुधाची.
"दूधनी? केटला लिटर?"
मी समजावत बसलो नाही. पावतीवर त्यानं लिहिलं
मंडळी, एवढंच.
खोटं नव्हतं. तरी दोन रात्री टोचत राहिलं.
तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, प्रभू येशूची.
"मने खबर छे," तो म्हणाला,
"खुर्च्यांच्या पाठीवर लिहिलंय."

मग थिओफिल रणनवरे आले,
प्रतापनगरच्या शेडमधून निवृत्त,
कुठलंही गीत असो, एक ओळ पुढे.
सयाजी हॉस्पिटलची करुणा आली,
रात्रपाळी उतरून तशीच. उपदेशात हक्कानं झोपते.
तिच्यासाठी मी आवाज उतरवायला शिकलो.
वाघोडिया रोडवरून पाटोळे, बायको, मुलगा.
आणखी दोघं, कधी असत, कधी नसत.

एका रविवारी पाटोळे आले नाहीत.
पुढच्याही.

सोमवार ते शनिवार मी मकरपुऱ्यात स्टोअरकीपर आहे,
बेअरिंगचा एक नग कमी भरला
तर संध्याकाळी घरी जाता येत नाही.
नव्व्याण्णव सोडून एकाला शोधायला जावं,
हे मी कित्येकदा सांगितलंय, बोट उंचावून.
पण नवातले तीन गेले तर?
सहांना कुठल्या रानात सोडायचं,
त्यातही एक झोपलेली?

गेलो. राहिलेला डबा परत करायचं निमित्त होतं.
पाटोळीणबाईंनी चहा टाकला, आलं किसून.
म्हणाल्या, तिकडे मुलांचा वेगळा वर्ग असतो,
कीबोर्ड आहे, एसी आहे.
तुमच्यावर राग नाही हो आमचा.
राग असता तर बरं झालं असतं.
प्रार्थना केली, कप विसळायला नेऊ लागलो,
त्यांनी हातातून घेतला.

नवरात्रात खोली गेली. रसिकलालनं गच्ची दिली,
दोन टाक्यांच्या मधली.
खाली मैदानात माईकवाला,
हॅलो, हॅलो, वन टू थ्री,
आणि रणनवरे त्याच्याही एक ओळ पुढे.
वाऱ्यानं प्याल्यावरचा रुमाल उडाला,
करुणानं धावत जाऊन पकडला;
तेवढी जागी मी तिला कधी पाहिली नव्हती.
भाकर मोडली तेव्हा पाण्याची मोटार सुरू झाली.
रसिकलाल टाकी बघायला वर आला,
आम्हाला बघून मागे कठड्याशी थांबला.
बादली खाली ठेवली.
आशीर्वाद होईपर्यंत तसाच.

महिनाअखेर मोठ्या मंडळीला अहवाल पाठवायचा असतो.
दान: तीनशे चाळीस.
नवे कुटुंब: रेघ.
उपस्थिती लिहिताना पेन अडलं.
सहा लिहिलं.
बादली आठवली. खोडून सात केलं.
मोठी मंडळी विचारेल, सातवा कोण,
तर काय सांगू?
पुन्हा सहा.

शलोमी भाजी निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"स्वतःला धरलंस का?"

नव्हतं.