मिठाला जागणं

तेर गेवोंदनं ज्यावर क्रूस फिरवला ते मीठ
वर्तमानपत्राच्या पुडीत, पुडी रुमालात,
रुमाल श्युशानच्या पर्समध्ये.
ग्युमरी ते येरेवान, माझीच रोजची फेरी,
मागे सोळा प्रवासी
आणि शेजारच्या सीटवर माझी बायको,
मांडीवर पर्स अशी धरलेली
की आत अंडी असावीत.

हे मीठ खरं तर कोकराचं.
नवस असा: पोरगी बरी झाली की
कोकराला हे चाटवायचं, मग कापायचं,
नुसत्या पाण्यात शिजवायचं
आणि सात घरी वाटायचं.
कोकरू मेहुण्याकडे, आर्तिकला.
उपचार दोन वर्षांचे.
कोकरू कुणासाठी थांबत नाही.
त्याचा मेंढा झालाय, शिंगांनी फाटक मोडतो,
आणि नाझेलीनं फोनवर बघून
त्याचं नाव ठेवलंय इंजिनियर.

वॉर्डात एकच आकडा चालतो:
पांढऱ्या पेशी आज किती.
सकाळी साडेसातला सगळ्या आया दारात,
बाजारभाव ऐकायला उभ्या राहाव्यात तशा.
तीनशे. दोनशे ऐंशी.
श्युशान आता मोठं काही मागत नाही.
‘पाचशे कर,’ म्हणते,
भाजीवाल्याशी बोलावं तशी.

नाझेलीचं तोंड आतून सोललंय.
दिवसातून चार वेळा मिठाच्या पाण्याच्या चुळा.
तेव्हा श्युशाननं पर्स उघडली.
देव पाण्यात घालायचाच,
तर या पेल्यात घालू.
सिस्टर लुसाबेर रागावली नाही.
गळ्यातला स्वतःचा क्रूस कपड्याआत सरकवत म्हणाली,
‘बाई, मीठ पवित्र असेलही,
पण वर्तमानपत्र नाही ना.’
पुडी उशीखाली गेली.

मी यातला नाही.
नऊ वर्षांचा होतो, डिसेंबर होता,
शाळा आधी हलली, मग बसली.
सिरानुश तिसऱ्या मजल्यावर होती
आणि मी पटांगणात,
कारण मस्ती केली म्हणून बाईंनी वर्गाबाहेर काढलं होतं.
आई म्हणाली, देवानं तुला वाचवलं.
तो हिशेब माझा अजून जुळलेला नाही.
चर्चच्या दारापर्यंत गाडी नेतो,
माणसं उतरवतो, वळवतो.

मंगळवारी नाझेलीनं विचारलं.
बोलताना दुखतं, म्हणून मोजकंच बोलते.
‘मी बरी झाले की इंजिनियरला मारणार?’
श्युशान माझ्याकडे बघायला लागली.
देवाचा प्रश्न तिनं माझ्याकडे टोलवला,
लग्नानंतर पहिल्यांदाच.
मी म्हणालो, विचारून सांगतो.
कुणाला, ते पोरीनं विचारलं नाही.

तेर गेवोंद फोनवर बराच वेळ खोकला.
म्हणाला, कोंबडा चालतो. भाकरीसुद्धा चालते.
मग म्हणाला,
मेंढ्याला मीठ द्या नुसतं. त्याला आवडतं.

काल रात्री ताप, एकोणचाळीसच्या वर.
नळीतून औषध, थेंब, मग थेंब.
श्युशान खुर्चीतच कलंडलेली, ओठ उघडे,
अर्धं वाक्य आत राहिलेलं.
मी उशीखाली हात घातला.
पुडी ओलसर. रुमालाला पोरीच्या घामाचा वास.
चिमूटभर जिभेवर ठेवलं,
चोरासारखं, पंचेचाळिसाव्या वर्षी.

खारट होतं.
दुसरं काही नव्हतं त्यात. मीठच होतं.

पण खाल्लं ते खाल्लं.
आता पहाटेचे चार. पंपाचा हिरवा दिवा.
खाली कुणीतरी रुग्णवाहिकेचं दार लावतंय, पुन्हा लावतंय.
वरून कुणी चौकशी केली तर सांगा,
वार्दगेस मिठाला जागतोय.

साडेसातला आकडा येईल.