मोजणी

लवू गुरवाने वेशीच्या जांभ्याशीच अडवलं,
चपला काढायला लावल्या.
टेप, वही, खडू चाललं.

किंजळ, सातवीण, रानजायफळ,
खोडाखोडावर आकडे घालत गेलो.
गारंबीपाशी घोटाळलो:
वेल एकच, झाडं अकरा.
हिला कुठल्या रकान्यात लिहू?

मग तो बेहडा.
ढोलीचं तोंड लिंपलेलं,
फटीतून पिवळ्या चोचीचं टोक.
नर धनेश आला, पंखांचा केवढा आवाज,
आणि घशातून एकेक उंबर काढून
भरवत राहिला.
खडू माझ्या हातातच.
"आत बाळंतीण आसा," लवू पुटपुटला,
"हेका आकडो नको."

वहीत एक ओळ कोरी.

सड्यावर पोचलो, तर
विजारीच्या दुमडीत कसलीशी बी.
राईतलं काही बाहेर नेत नाहीत.
कातळ तापला होता.
मागे फिरलो,
पुन्हा चपला काढल्या.