दोर

ट्यूब ओरडते, असं तिनं सांगितलं.
मी वर पाहिलं. ट्यूब नुसती जळत होती,
पांढरी, सरकारी, गुमान.

माझा डावा कान गोदीत राहिला,
बोटींचे पत्रे ठोकता ठोकता, एकोणीस वर्षांत.
उजवा आहे, पण त्याला हाक ऐकू येते
ती समोरून मारली तरच.
अशा माणसाला शाळेत शिपाई नेमलं,
आणि पहिल्याच आठवड्यात दुसरीतली मिलारय
शिडीखाली उभी राहून मला सांगते:
एरिबेर्तोकाका, ट्यूब ओरडते.
दोन ओरडतात. खिडकीकडची जास्त.

कानांवर हात होते तिचे.
कानांवर हात मोठी माणसंही ठेवतात,
आम्हाला काय ठाऊक, असं म्हणताना.
हे हात तसे नव्हते.
नखं पांढरी पडली होती दाबून.

मला ऐकू येत नव्हतं.
पण मला काय ऐकू येतं?
काढली ट्यूब.

मग रोज एकेक निघत गेलं.
खुर्ची फरशीवर ओढली की तिच्या दाढेत कळ जाते.
मी टेनिस क्लबात जाऊन जुने चेंडू मागितले.
सत्तावीस खुर्च्या, एकशे आठ पाय.
प्रत्येक चेंडूला फुलीसारखी चीर.
एकसष्टाव्याला सुरी अंगठ्यात गेली.
गणवेशाच्या कॉलरमागची चिठ्ठी टोचते;
नेलिदाबाईंनी ती टाक्याटाक्यानं उसवली,
कात्रीनं कापली तर खुंट उरतो म्हणून.
आणि घंटा.
घंटा माझ्या हातात.

ठरलं असं की वाजवण्याआधी
दुसरीच्या दारातून मी तीन बोटं दाखवायची,
तिनं कानांना ते निळं झाकण लावायचं,
मग मी दोरी ओढायची.
जूनमधल्या एका मंगळवारी विसरलो.

अख्खा तास ती बाकाखाली होती.
बाई शेजारी फरशीवर बसल्या, तिच्याकडे पाठ करून,
एक शब्द न बोलता. बाकीची मुलं
गणितं सोडवत राहिली, जमेल तशी.
मी फडकं घेऊन दाराबाहेर.
कुणी रागावलं नाही मला.
रागावले असते तर बरं झालं असतं.

पालकसभेत क्रिस्तोबालचे वडील म्हणाले,
एका पोरीसाठी एवढा खटाटोप?
उद्या जगात कोण लावणार आहे चेंडू?
बाईंनी कागद काढले, तज्ज्ञांचे, शिक्क्यांचे.
बाहेर वारा असा की पत्रे उडताहेत.
मी सभेत बोलत नाही. त्या दिवशी विचारलं,
तुम्ही चौक कसा ओलांडलात?
म्हणाले, दोर धरून. कसा ओलांडणार?

आमच्या पुन्ता अरेनासमध्ये वारा पिसाळला
की नगरपालिका खांबाखांबांना दोर बांधते.
म्हातारे धरतात, बँकेचा मॅनेजर धरतो,
पाद्रीही टोपी काखेत मारून धरतो.
दोर कुणासाठी, असं कुणी विचारल्याचं
मला तरी ऐकू आलेलं नाही.

ते वेगळं, म्हणाले ते.
सभा नऊपर्यंत चालली.

एक गोष्ट मला अजून उलगडत नाही.
ट्यूबची गुणगुण जिला सोसत नाही
तिला हा वारा आवडतो.
सगळे डोकी खाली घालून चालतात
आणि ती कोटाची बटणं सोडून
त्याच्यावर रेलते, पूर्ण भार टाकून.
सगळीकडून सारखा दाबतो म्हणते,
गोधडीसारखा.

काल शाळा सुटल्यावर मी दोर धरून चाललो होतो.
मागून कुणी हाक मारली असेल, नसेलही.
मग कोटाच्या फडफडत्या कडा दिसल्या.
एका हातानं दोर पकडून, वळसा घालून
ती माझ्या समोर येऊन उभी राहिली,
मी तिचं तोंड पाहतोय याची खात्री केली
आणि मग म्हणाली,
काका.