डावा खिसा

मुत्राहच्या सूकमागे गल्ली खांद्याइतकी अरुंद होते,
तिथे जव्वाद हाजींचं दुकान.
बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे मी काउंटरवर ठेवले.
सलामाच्या आधीच त्यांनी विचारलं,
"धुतली नाहीस ना? घासली नाहीस ना?"

मला हसू आलं.
अडतीस वर्षं अब्बांनी दुसरं केलं काय?
हुर्जुक लाँड्री: दिशदाशांचं पांढरं,
बंदरावरच्या हमालांचं तेलकट निळं,
आणि पाण्यात टाकण्याआधी
प्रत्येक खिसा चाचपणं,
गाभण शेळीच्या पोटाला हात लावावा तसं.

धनी सापडला तर परत.
नाही तर डब्यात, सोबत चिठ्ठी,
दापोलीच्या मराठी शाळेतल्या चौथीच्या वळणाची:
"२१७. खाकी पँट. डावा खिसा.
मानूस परत आला नाय."

काही निसटलीच, कपड्यांबरोबर फिरली मशीनमध्ये.
ती लखलखतात.
हाजी नेमकी तीच बाजूला सारतात.
"धुतलेल्याला भाव नाही, बेटी.
मळ हाच त्याचा दाखला."

निवासी कार्डाच्या शेवटच्या वेळी
यंत्राला अब्बांच्या बोटांचे ठसेच सापडेनात.
पोरगेला अंमलदार म्हणाला, "जोरात दाबा."
अब्बा म्हणाले,
"जेवढं उरलंय तेवढं दाबतोय, साहेब."

भिंग डोळ्याला लावून हाजी ढीग करत गेले.
तागडी छापलेला झंजिबारचा पैसा.
मस्कतचा पाव आणा, कड दातांनी चावल्यासारखी.
आफ्रिकेचा शिलिंग, त्यावर सिंह.
इराणी, पाकिस्तानी, आपले
आणि चांदीचे अकरा फ्रान्सी,
भरल्या अंगाची एक राणी अकरा वेळा.
साल सगळ्यांवर सतराशे ऐंशी,
अलीकडे पाडलेल्यांवरसुद्धा.
"आकडा खरा, वय खोटं," हाजी म्हणाले,
"माझ्या पासपोर्टासारखं."

मग चहा मागवला, आणि धंदा सोडून शिकवू लागले:
सगळं एकाला देऊ नकोस.
ही चार दुबईच्या लिलावाला पाठव,
फोटो दोन्ही अंगांचे काढ, आणि कडेचाही.
चांदी वजनावर, तांबं नगावर,
राहिलेलं किलोवर जाईल, त्यात वाईट वाटून घेऊ नकोस.
पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही.
माझ्यासुद्धा.

"आणि या चिठ्ठ्या?"
"टाकून दे. कागदाला काय किंमत?"

भावाचा दापोलीहून फोन: किती आले?
दुकानाचं चार महिन्यांचं भाडं,
इस्पितळाचं बिल, भंगारात गेलेली दोन मशिनं
मी मनात ओळीने मांडली आणि म्हटलं, बघते.
अब्बा डब्यांना संग्रह कधी म्हणाले नाहीत.
अमानत म्हणायचे. झाकणावर हात ठेवून.

तरी विकलं.
हाजींच्या पहिल्या भावाला नाही, दुसऱ्याला.
पावतीवर विकणाऱ्याचं नाव विचारलं
तेव्हा मी माझं सांगितलं,
अब्बांचं सांगवेना.

तिसऱ्या डब्याच्या तळाशी एक राहिलं.
इतकं झिजलेलं की राजा की सिंह कळेना,
कुठल्या देशाचं तेही.
हाजींनी दिव्याखाली फिरवलं, माझ्याकडे सरकवलं.
"हे कशाचंच नाही. ने."

त्याची चिठ्ठी शोधायला अर्धा तास गेला,
हाजींचा पोऱ्या शटर अर्धं ओढून उभा.
"८६. पांढरा सदरा, बटन लावून दिलं.
मुरादबख्श बलोच. गावाला गेलाय.
ईद झाली की येतो म्हनाला."

ईद कुठली, ते लिहिलेलं नाही.