सोफा प्रयोगाला गेलाय

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी
इस्माईलचा टेम्पो खाली वाजला की मी समजते,
आता मार्चपर्यंत आपण जमिनीवर.

विक्रोळी, कन्नमवार नगर. तीन जिने, लिफ्ट नाही.
मोरजकर पुढून, खैरमोडे मागून,
आणि हे मधून नुसतेच, "सांभाळून, सांभाळून."
सोफ्यामागच्या भिंतीचा रंग तेवढा ताजा राहिलेला,
जणू घराने तिथेच नवीन कपडे घातलेत.

संस्थेचं नाव 'रंगसोबती'. सभासद सतरा,
वर्गणी भरलेले नऊ.
नाटकं तीन, सोफा एक. आमचा.

'सावकाराची सून'मध्ये त्याला मखमल चढली,
माझ्याच जुन्या पडद्याची.
सावकार विड्याला चुना लावत होता
आणि माझं लक्ष त्याच्या डाव्या कोपराखाली,
जिथे नंदनने तिसरीत असताना
शाईची बाटली उपडी केली होती.
डाग दिसला नाही. टाळ्या पडल्या.
त्यातल्या थोड्या मी पडद्याच्या नावे धरल्या.

'खिडकी क्रमांक नऊ'मध्ये तो कचेरीतला झाला.
त्यासाठी थोडा फाडला. न विचारता.
"सरकारी वाटायला नको का, वहिनी?"
मोरजकरांनी उसवल्या जागेतून काथ्या ओढून दाखवला,
डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावतात तसा.
मी काय बोलणार. नाटक बरं झालं.
अभिनयाचं उत्तेजनार्थ यांना,
नेपथ्याचं अंबरनाथच्या कुणाला तरी.

त्या दिवसांत घरी माणसं यायची,
विम्याचा एजंट, जावेची बहीण, खालचे पाटकर.
सगळ्यांना सतरंजी.
सोफा कुठाय?
प्रयोगाला गेलाय, मी सांगायची,
कर्ता मुलगा ड्युटीवर गेलाय म्हणावं तसं.

तिसरं नाटक, 'आत्याबाई गप्प आहेत'.
पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत
आत्याबाई बसून. वाक्य एकही नाही.
हर्षला तोडणकर करणार होती. तिचा पाय मोडला,
तोही तालमीत नाही, भाजी घेताना.
चार दिवस उरले होते.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं
तेव्हा मी तालमीचा चहा गाळत होते.
"सोफा तुमचाच," खैरमोडे म्हणाले,
"बसायचं तेवढं जमेल तुम्हाला."

बसायचं.
सोळा वर्षं झाली कुर्ल्याहून आणून त्याला, हप्त्यांवर.
त्यावर पापड वाळवले,
ताप आलेल्यांना निजवलं,
गाद्या काढून ढेकूण शोधले.
टेकले असेन कधी, काठावर, अर्धी,
कुकरकडे कान ठेवून.

तिसरी घंटा झाली.
मी पाठ टेकली. पूर्ण.
उजवीकडे एक स्प्रिंग बोचते,
हे मला माहीतच नव्हतं.
समोर अंधार, अंधारात कुणाचा तरी खोकला.
माझ्याभोवती घर भांडत होतं, वाटण्या होत होत्या.
माझे हे, माझे भाचे झालेले,
पुढ्यात गुडघे टेकून म्हणाले,
"आत्या, काहीतरी बोल गं."
संहितेत उत्तर नव्हतं.
मग सून झालेल्या पोरीने चहा आणला,
रिकामा कप. मी त्यावर फुंकर घातली.
तालमीत नव्हती ती फुंकर.
एक तास दहा मिनिटं
कुणी मला उठवलं नाही.

परवा टेम्पो परत आला.
फटीत सापडलं ते असं: अर्धी मिशी,
सुपारीचा तुकडा, कुणाचंसं कानातलं.
सोफा भिंतीला लावला तर थोडा तिरका बसला,
ताज्या रंगाची एक पट्टी बाहेरच राहिली.
हे पाय पसरून बसले. पेपर उघडला.
"चहा टाक गं."

मी शेजारी जाऊन बसले. स्प्रिंगवर.
पाठ टेकून.
पेपरची दोन पानं उलटली.
मग हे उठले.
आतून आवाज आला,
"साखर कुठल्या डब्यात असते?"