ताण्यावरचा हात

राजमणीला बाळंत होऊन अकरा दिवस झाले.
ती बाळाकडे बघत नाही,
पत्र्याकडे बघते.
विडी घरकुलात दुपारी दोनला पत्रा तडतडतो,
आणि भिंतीपलीकडे चार माग
एकमेकांचं न ऐकता बोलत राहतात.

सासू म्हणाली, नजर लागली.
नवरा म्हणाला, आळसावली.
मी धाकटी. फिजिऑलॉजीची वही मांडीवर,
शनिवारी तोंडी परीक्षा.
गप्प बसले.

वहीत आहे :
संप्रेरक पेशीत शिरतं, केंद्रकापर्यंत जातं,
नवा हुकूम लिहून घेतं.
तास लागतात, कधी दिवस.
खाली पेन्सिलीनं, तास संपता संपता सरांनी सांगितलेलं :
काही रेणू तेवढं आत जातच नाहीत.
पटलातच मुरतात, तेलात तेल मुरावं तसे,
आणि दाराच्या बिजागरीशी बसून राहतात.
दार जरा जास्त वेळ उघडं राहतं,
क्लोराइड आत येतं,
चेतापेशी निवते.
सेकंदांत.

वार पडली त्या रात्री
हा पुरवठाच तुटला.
नऊ महिने भरलेल्या जागा
रिकाम्या,
आणि कुणाला आवाजसुद्धा आला नाही.

हे नान्नांना कसं सांगू?
आमच्या घरातल्या तेलुगूत पटलाला शब्द नाही.
विचारलं, चादरीची नक्षी बदलायची तर?
"कार्डं नवी मारायची. दोन दिवस जातात."
आणि ताणा ताठरला, धागे तुटायला लागले तर?

नान्ना बोलले नाहीत.
हवेतच तळहात पसरला,
पालथा, हलका,
चाळीस वर्षं हजारो धाग्यांवर ठेवत आलेत तसा.
कार्डं तीच. नक्षी तीच.
नुसता हात.

बराच वेळ तो तसाच ठेवून म्हणाले,
"हिच्या ताण्यावरचा निघालाय होय?"

सकाळी सिव्हिलला गेलो. टोकन चौसष्ट.
बाकावर बाळ माझ्याकडे, डिंकाच्या लाडवांचा डबा नान्नांकडे,
राजमणीकडे काहीच नाही.
तिनं माझ्या ओढणीचा सुटलेला धागा
बोटाला गुंडाळला, सोडला,
पुन्हा गुंडाळला.

शनिवारी विचारलंच तर
मी केंद्रकाचा रस्ता सांगेन,
त्याला गुण जास्त आहेत.
दुसरा
अजून पेन्सिलीतच आहे.

एकोणसाठ, म्हणाली नर्स.