नऊ मासे, तीन गुंजा

देऊस्कर साहेबांची बदली झाली तेव्हा
क्वार्टरच्या माळ्यावर ही काठी राहिली.
चार तुकडे, कापडी पिशवीत. जोडले की नऊ फूट,
वजन ज्वारीच्या एका भाकरीएवढं.
मुठीपाशी बारीक आकडा: पाच.
गरगडी होती. गरगडीवर दोर नव्हता.

पाच म्हणजे काय, हे पैठणात कुणाला विचारायचं?
सुदाम लिंबोरे म्हणाला, पाच रुपये.
मग काठी कानाशी नेऊन हलवली,
वाळूतलं टरबूज वाजवून बघतात तशी.
म्हणाला, गळाला नुसतं पीस बांधायचं म्हणतोस,
शिसं नाही, गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही,
मग ते जाईल कशाच्या जिवावर?

मी आधी तंगूस भरला.
काठी झुलवली; पीस मागे फिरून
माझ्याच सदऱ्याच्या गुंडीत अडकलं.
मग सोसायटीतून जाळ्याच्या कडेची दोरी आणली.
तिच्याखाली काठी अशी वाकली
जशी दोन घागरी दिलेली सात वर्षांची पोर.
दोरी पाण्यावर आपटली,
बुडालेल्या बाभळींवरचे बगळे एकदम उठले
आणि धरणाच्या भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, काय पडलं रे?

"काठीला बोल लावू नको," सुदाम म्हणाला,
"दोरच फेकायचाय तुला. पीस आपलं पाहुणं,
मागनं जातंय."

हे त्याला कसं कळलं, मला माहीत नाही.
त्याने उभ्या जन्मात जाळंच टाकलंय.

शाकेराबीच्या मागावरून पदर उतरला
की ताण्याची टोकं उरतात,
हात-हात लांब, जांभळी, पोपटी, थोडी राणी रंगाची.
ती उशीच्या खोळीत साठवते, का ते सांगत नाही.
मी काठी दाखवली. तिने शेंडा दोन बोटांत धरून
जरासा वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला.
जाडीकडे दीडशे तारा, पुढे शंभर, टोकाला तीस,
चारपेडी वेणी, गाठ कुठेच नाही,
एक तार संपायच्या आत दुसरी सरकवायची.
वर मेण. तीन दिवस सावलीत.
पहिला दोर भारी झाला, तिने उकलला.
दुसरा हलका. तोही उकलला.
"कुणाच्या केसांची वेणी घालतेय मी," म्हणाली,
"डोकं तरी दाखव एकदा."

तिसरा घेऊन पहाटे गेलो.
मागे फेकलेला दोर पाठीमागे सरळ होईतो
थांबायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
मनगटाला काठीने सांगितलं:
थांब... थांब... आता.
आणि जांभळा, पोपटी, राणी दोर
माझ्या डोक्यावरून उलगडत गेला,
नाथसागरावर कसलाही आवाज न करता आडवा झाला.
सुदाम विडी पेटवायची विसरला.

दुसरा लागला तर माप हवं
म्हणून काठीबाहेर पडतो तेवढा दोर,
मोजून वीस हात, डहाळे सराफांच्या पुढ्यात ठेवला.
त्यांनी काट्यावर ग्रॅम दाखवले. मी म्हटलं,
जुना तराजू काढा.
पुडीतल्या लाल गुंजा, काळ्या डोळ्यांच्या,
एकेक करून पारड्यात.
बाहेर एक बाई मंगळसूत्र घेऊन ताटकळली होती,
तीही पुढे वाकून बघू लागली.
"नऊ मासे," डहाळे म्हणाले, "वर तीन गुंजा."

सुदाम दारातच हसत सुटला.
"पाण्यात पाय न घालता नऊ!"

चिकटपट्टीवर लिहून मी ते काठीला लावलंय,
साहेबांच्या पाचाच्या शेजारी.
पाच म्हणजे काय ते अजून कळलेलं नाही.
मोटारबोट बांधून मी रोज तासभर उभा राहतो,
आणि सुदाम होडीतून जाता जाता
रोज एवढंच विचारतो:
दहावा कधी?